राजधानी आणि अपुरा ताम्रपट

कटंगीच्या माणसाला ‘तुमची राजधानी कोणती’ असे विचारले, तर तो क्षणभर थांबतो. कागदोपत्री उत्तर भोपाळ. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीला राजधानी म्हणजे नागपूर. दाव्याचे अपील नागपूरला, मोठा दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ताही नागपूरचाच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि बावनथडीच्या पाण्यात दोन राज्यांची सीमा वाहू लागली. या नदीला मात्र राजधान्यांचे हे येणेजाणे नवे नाही. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीही हा मुलूख एका राजधानीच्या सावलीत होता, आणि ती राजधानी नागपूरच्याच वाटेवर होती. तिचे नाव नंदिवर्धन. वाकाटकांची ही राजधानी आज नगरधन या गावाच्या रूपाने रामटेकजवळ उभी आहे. तिचा इतिहास संग्रहालयात पाहावा आणि मग तिची जागा डोळ्यांखालून घालावी, या हेतूने आम्ही काही जण कटंगीहून निघालो. सोबत आमच्यापैकी एकांचा शाळकरी नातूही होता.

प्रथम आम्ही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलो. नागपूरकर त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात, आणि आमच्याकडेही जुन्या माणसांच्या तोंडी तेच नाव आहे. हे संग्रहालय 1863 मध्ये स्थापन झाले. बालाघाट जिल्ह्याची निर्मिती त्यानंतरची, 1867 ची. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तो तयार करण्यात आला. म्हणजे आमच्या मातीतील वस्तू ठेवण्याची जागा आमच्या जिल्ह्याहून चार वर्षांनी वडील आहे. या गोष्टीचे आम्हांला प्रथम हसू आले. नंतर मात्र ती मनात रुतून बसली.

या संग्रहालयात आमचे पाय सर्वांत आधी थबकले ते तांब्याच्या हत्यारांपाशी. गुंगेरिया हे नाव वाचले आणि ओळखीचे माणूस परगावी भेटावे तसे वाटले. गुंगेरिया आमच्याच बालाघाट जिल्ह्यातले. तेथे 1870 मध्ये जमिनीत पुरलेला मोठा साठा सापडला. तांब्याची 424 हत्यारे आणि चांदीचे 102 पत्रे त्यात होते. तांब्याचेच वजन 829 पौंड, म्हणजे सुमारे 376 किलो भरले. चांदीच्या पत्र्यांत काही साधे गोल, तर काही शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखे आहेत. ताम्रनिधी संस्कृतीचा हा साठा वाकाटकांच्याही दोन हजार वर्षे आधीचा. त्यातील काही वस्तू नागपुरात राहिल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. बरोबरच्या मुलाने विचारले, “आजोबा, हे आपलं आहे तर इथं कशाला ठेवलं?” आजोबा म्हणाले, “तेव्हा हेच आपलं होतं, बाळा.” हे उत्तर खरे होते, पण ते पुरेसे नव्हते, हे आम्हां सर्वांनाच जाणवले.

राजधानीचा इतिहास पाहायला निघालेल्याने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वाकाटकांची राजधानी एका दालनात मावत नाही, कारण ती एका ठिकाणी राहिलेलीच नाही. मनसरला 1972 मध्ये सापडलेली शिवाची प्रसिद्ध मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ताम्रपट तर ज्याच्या नांगराला किंवा कुदळीला लागले, त्याच्या नशिबाप्रमाणे गावोगाव आणि पुढे देशोदेशी पांगले. राजवाड्यांच्या भिंती कोसळल्या. टिकले ते तांब्याचे पत्रे. म्हणून वाकाटकांचा इतिहास हा मुख्यतः ताम्रपटांचा इतिहास आहे, आणि त्याची जुळणी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आयुष्यभर नागपुरात बसून केली.

या ताम्रपटांची अक्षरे ओळखणे सोपे आहे. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. अशा पेटिकाशीर्षक ब्राह्मीत कोरलेले, एका कडीत ओवलेले आणि राजमुद्रा लावलेले हे पत्रे म्हणजे त्या काळचे जमिनीचे कागद. दुसऱ्या प्रवरसेनाचा असाच एक ताम्रपट, त्याच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षी दिलेला, आमच्या कटंगीच्या परिसरातील तिरोडीला मिळाला. बेन्नाकट विभागातील कोसंबखंड नावाचे गाव त्याने दान दिले. बेन्ना म्हणजे आपली वैनगंगा. बेन्नाकट म्हणजे तिच्या काठचा मुलूख. मिराशींनी कोसंबखंडाची सांगड तिरोडीजवळच्या कोसंबा या गावाशी घातली. ज्या रस्त्याने आपण बाजाराला जातो, त्या रस्त्यावरच्या गावाचे नाव पाचव्या शतकातील राजशासनात वाचायला मिळावे, यापरता आनंद कोणता?

परंतु ताम्रपट पुढे वाचीत गेले की हा आनंद काहीसा गंभीर होतो. दान दिलेल्या गावाला वाकाटक राजे ज्या सवलती देत, त्यांची ठरावीक यादीच या शासनांतून येते. या गावात सैनिक आणि राजसेवक शिरणार नाहीत. गावाला गायी-बैल द्यावे लागणार नाहीत. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी बसण्याची कातडी आणि कोळसा पुरवावा लागणार नाही. मीठ खणण्याचा राजाचा हक्क येथे चालणार नाही. सर्व प्रकारची वेठ माफ राहील. जमिनीत सापडणाऱ्या निधीवरही दान घेणाऱ्याचाच अधिकार राहील. ही यादी दानपत्र म्हणून वाचली तर राजाचे औदार्य दिसते. उलटी वाचली तर जी गावे दान दिली गेली नाहीत, त्यांचे आयुष्य दिसते. तेथे सैनिक शिरत होते, बैल जात होते, कोळसा पुरवला जात होता, वेठ चालू होती. नंदिवर्धनाचे वैभव या आमच्यासारख्या गावांच्या खांद्यावर उभे होते. संग्रहालयातील मूर्तीपुढे हात जोडताना तिच्या मागच्या या खांद्यांचाही विचार व्हायला हवा, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रामटेककडे गेलो. वाटेत मनसर लागते. येथील हिडिंबा टेकडीच्या परिसरात 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननांत विटांची भव्य बांधकामे उघडी पडली, आणि दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेली नवी राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत पुढे आले. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले होते. आज अनेक अभ्यासक मनसरच्या बाजूने आहेत. इतक्या मोठ्या विद्वानाचे मतही मातीने तपासून घेतले. इतिहासशास्त्राची ही रीत आहे आणि तीत कोणाचा अवमान नाही. मनसरला मँगनीजची खाण आहे, तशी ती तिरोडीलाही आहे. राजधानीचे शहर आणि आमचा मुलूख यांना जोडणारी एक रेघ ताम्रपटात आहे, तर दुसरी जमिनीच्या पोटात.

रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंहाचे लहानसे दगडी मंदिर आहे. त्याच्या भिंतीवरील चुन्याचे थर काढल्यावर 1980 च्या दशकात एक झिजलेला शिलालेख वाचकांपुढे आला, आणि त्याने प्रभावतीगुप्ताच्या घराण्याची आठवण जागी केली. ही प्रभावतीगुप्ता म्हणजे सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पती अकाली गेल्यावर मुलगा दिवाकरसेन याच्या नावाने तिने किमान तेरा वर्षे राज्य सांभाळले. तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ वाकाटकांची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे. सासरच्या सिंहासनावर बसून माहेरचे नाव आधी लिहिणारी ही राणी आम्हांला फार जवळची वाटली. सीमेवरच्या माणसाला दोन घरे असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नगरधनला आज डोळ्यांत भरतो तो किल्ला. पण तो फार नंतरच्या काळातला, भोसल्यांच्या राजवटीशी जोडला जाणारा. जुनी राजधानी आजूबाजूच्या गावाखाली आणि शेतांखाली आहे. डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग यांनी 2015 ते 2018 या काळात येथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव आणि वर शंखाचे चिन्ह आहे. सहा ग्रॅमांहून थोडेसे अधिक वजन आणि साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबी, एवढाच तिचा आकार. त्याबरोबर मातीची भांडी, मातीच्या बांगड्या, काचेची कर्णभूषणे, गणपतीची एक साधी, अलंकाररहित मूर्ती आणि गुरे, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, घोडे, कोंबड्या यांची हाडे मिळाली. वैभवाच्या कथा ऐकून आलेल्या माणसाला ही यादी लहान वाटेल. आम्हांला ती मोठी वाटली, कारण तिच्यात घर आहे, गोठा आहे, हातातली बांगडी आहे.

परतीच्या वाटेवर आमचे बोलणे एकाच ताम्रपटावर येऊन ठेपले, आणि तो आम्हांला या प्रवासात कोठेच पाहायला मिळाला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बालाघाट जिल्ह्याच्या जंगलात, झाडाला टांगलेल्या अवस्थेत वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला. तो कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि कीलहॉर्न यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. तो दुसऱ्या पृथ्वीषेणाचा, या शाखेच्या अखेरच्या ज्ञात राजाचा आहे. त्या आधी नल राजांनी नंदिवर्धन घेतले होते. नल राजा भवदत्तवर्मन याचे शासन त्याच नगरातून निघालेले आहे. पृथ्वीषेणाने मात्र बुडालेले आपले कुळ दोनदा वर काढले, असा गौरव या ताम्रपटात आहे. त्याचे वडील नरेंद्रसेन यांची आज्ञा कोसल, मेकल आणि मालव येथील राजे मानीत, असेही त्यात म्हटले आहे. सारी वंशावळ सांगून होते आणि मजकूर थांबतो. दान कोणते, गाव कोणते, घेणारा कोण, वर्ष कोणते, काहीच कोरलेले नाही.

एवढी मोठी वंशावळ, आणि गावाची जागा कोरी. गावाचे नाव न लिहिलेला हा ताम्रपट आमच्या जिल्ह्याच्या रानात मिळाला, याला योगायोग म्हणावे लागेल. पण हा योगायोग आम्हांला काही शिकवतो. राजधान्यांच्या वंशावळी इतरांनी लिहून ठेवल्या आहेत. गावांची नावे, शिवारे, टेकड्यांच्या आख्यायिका, विहिरीत सापडलेल्या मूर्ती, नांगराला लागलेली नाणी यांची नोंद मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. कटंगीत मराठी, पोवारी, हिंदी या बोली एकाच ओट्यावर बोलल्या जातात. त्या ओट्यावरची जुनी माणसे एकेक करून कमी होत आहेत. त्यांच्याकडून आपापल्या गावाचे चार शब्द लिहून घ्यावेत, असे आम्ही बावनथडीच्या पुलावर ठरवले.

कोसंब्याला पुढच्या रविवारी जायचे आहे. वही त्या मुलाने आधीच घेऊन ठेवली आहे.