राणीच्या बागेतली राणी

मुंबईत भायखळा स्टेशनावर उतरून ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान कुठे आले हो?’ असे विचारले, तर दहापैकी आठ माणसे क्षणभर थबकतात. ‘राणीची बाग’ म्हणा, की हात लगेच पूर्वेकडे उठतो. पाटीवर जिजाऊ आहेत, तोंडी राणी आहे. आणि ही राणी आता आहे तरी कुठे, असे विचारण्याची गरज मला स्वतःला चाळीस वर्षे वाटली नाही. इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने चारचौघांत सांगावी अशी ही गोष्ट नव्हे. पण दिवाळी अंक वाचताना फराळाचे ताट शेजारी असते, वाचकाचे मन जरा सैल असते. तेव्हा सांगून टाकतो.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन-चार वर्षांचा असेन. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. वडिलांची नोकरी गेली, मग कधी हमाली, कधी कुणाच्या दुकानात बसणे असे चालले. त्या दिवसांत रविवारी ते मला लालबागेहून पायी राणीच्या बागेत नेत. आई फडक्यात भाकरी बांधून देई. पाणघोड्याने आ वासला की त्याच्या जबड्यात आमच्या चाळीतली खोली मावेल असे मला वाटे. वडील मात्र जनावरांपुढे फार रेंगाळत नसत. ते थांबत एका काळ्या घोड्यावरच्या गोऱ्या स्वारापुढे. ‘हा तिकडं फोर्टात होता,’ ते म्हणत. ‘मी मुंबईत आलो तेव्हा तिथं पाहिलाय याला.’ एवढेच बोलत आणि पुढे चालू लागत. घर सोडून आलेल्या माणसाने गावचा माणूस दिसावा तशी त्यांची नजर त्या घोड्याकडे जाई.

आता थोडा इतिहास. मी संशोधक नव्हे.  पण वाचनाची खोड आहे. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली. त्या वेळी अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बागेच्या दाराशी वस्तुसंग्रहालयाची इमारतही उठू लागली. तिच्या मागे नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, शेअरबाजारात भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. भाऊ दाजींचीही सारी पुंजी त्यात गेली. गोव्यातून आलेला हा विद्वान वैद्य १८७४ मध्ये वारला. संग्रहालय मात्र रखडत रखडत १८७२ साली उघडले, आणि १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचेच नाव आहे. बुडालेल्या माणसाचे नाव तरले, हे मला बरे वाटते.

संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. मुले त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. आत खरी जनावरे असताना दगडाला कोण विचारतो? पण हा साधा हत्ती नव्हे. घारापुरीच्या किनाऱ्याजवळ हा उभा होता, म्हणून तर पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान गळून पडली. पुढे १८६४ च्या सुमारास साहेबाच्या मनात आले की हा इंग्लंडला न्यावा. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, कुणीतरी जोडून त्याला पुन्हा पायांवर उभा केला. सांधे अजून दिसतात. विलायतेला जायला जणू तो कबूलच नव्हता, असे मी वर्गात सांगतो. ही माझी पदरची भर आहे, पण मुलांना आवडते.

अशीच एक भर मात्र माझ्या अंगाशी आली.

चापेकरांची गोष्ट मी दर वर्षी रंगवून सांगतो. चिंचवडच्या कीर्तनकाराचा मुलगा दामोदर. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला त्याने डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढल्याच वर्षी, २२ जूनच्या रात्री, त्याच राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा करून परतणाऱ्या रँडवर पुण्यात गोळ्या झाडल्या. १८ एप्रिल १८९८ रोजी तो येरवड्याला फासावर गेला. इथपर्यंत सारे खरे. पण ‘त्या पुतळ्याचे पुढे काय झाले?’ असे मुलांनी विचारले, की मी ठोकून देत असे, ‘स्वातंत्र्य मिळाल्यावर फोडून टाकला!’ वर्ग खूष होई. मीही खूष होई. कुठे वाचले होते? कुठेच नाही. तसे व्हायला हवे होते, म्हणून तसे झाले असणार, एवढाच माझा पुरावा.

गेल्या हिवाळ्यात सहावीची सहल घेऊन मी बागेत गेलो. मुलांना पेंग्विन पाहायचे होते. रांग लावली, माथी मोजली, तर एक मुलगी कमी. धावत मागे आलो. ती संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, दगडी माणसांच्या गर्दीत शांत उभी होती. कॉर्नवॉलिस, वेलस्ली असे एकेकाळचे लाटसाहेब तिथे आहेत. १९६५ मध्ये शहरातल्या चौकांतून यांना उचलले आणि इथे आणून ठेवले. सातव्या एडवर्डचा तो काळा घोडाही तेव्हाच आला. तिच्यासमोर सिंहासनावर बसलेली एक पांढरी बाई होती. तिथल्या रखवालदाराने नाव सांगितले होते.

‘सर, ही व्हिक्टोरिया राणी,’ मुलगी म्हणाली. ‘डांबरवालीच ना? मग हिला फोडलं कधी?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘पेंग्विन बंद होतील, चल,’ असे म्हणून मी तिला ओढत नेले. मास्तरांचा हा हुकमी उपाय.

घरी येऊन पुस्तके काढली. हा पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. त्यासाठी पैसा दिला बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी, म्हणजे एका मराठी राजानेच. १८७२ मध्ये तो फोर्टात तारघरापाशी बसवला. डांबराचे डाग दगडात मुरले होते, कुणाला निघेनात. ते शेवटी काढले रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी, आणि तेही बडोद्याच्या कलाभवनाचे संस्थापक! मराठी राजाने बसवली, मराठी तरुणाने काळी केली, गुजराती प्राध्यापकाने धुतली. साहेबाला यातले एकही काम स्वतः करावे लागले नाही. आणि ज्या बागेला तिचे नाव होते, तिच्यात ती राहायला आली ती नाव पुसले जाण्याच्या सुमारास. हयात असताना तिने हिंदुस्थान कधी पाहिला नाही.

सोमवारी वर्गात गेलो आणि फळ्याकडे तोंड न करता सांगितले, की मी तुम्हाला चूक शिकवले. मागच्या बाकावर कुणी हसले. एकाने विचारले, ‘मग सर, बाकीचं?’ त्या प्रश्नाने माझी झोप दोन रात्री उडाली. तेव्हापासून वर्गात जाण्यापूर्वी घरी पुस्तक उघडून पाहतो. गोष्ट थोडी फिकी होते, त्याला इलाज नाही.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते. त्यांना मोठ्याने सारे सांगितले. खंडेराव, चापेकर, गज्जर. ते सुपारी कातरत ऐकत होते.

‘ती पांढरी बाई होय?’ ते म्हणाले. ‘अरे, तिच्या सावलीला बसून तर आपण भाकरी खायचो. तू तिच्या पायाशी हात पुसलेस म्हणून तुला एकदा फटका दिला होता मी. आठवत नाही?’