बोस्टनचा पगार आणि नगरचं कीर्तन

१८१३ च्या फेब्रुवारी महिन्यात गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मुंबईच्या बंदरात उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या मेहेरबानीने ते राहिले. राहिले म्हणजे मराठी शिकायला बसले. हॉल पुढे तेरा वर्षं इथं वावरला आणि १८२६ साली गावोगाव फिरत असताना पटकीने वाटेतच गेला. त्यांच्या या कामाला पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' हे नाव पडलं. देश एक, भाषा दुसरी, आणि नावात दोन्ही. मला या नावाचं पहिल्यापासून कुतूहल आहे.

कुतूहलाचं कारण सांगायला हवं. मी मुसलमान, आणि कविता मराठीत लिहितो. 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या प्रश्नात एक भिंत असते. एखादा धर्म एखाद्या भाषेत केव्हा राहायला येतो, आणि केव्हा नुसता पाहुणा म्हणून ओसरीवर बसून राहतो, हे मला म्हणूनच जाणून घ्यावंसं वाटतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला तेव्हा त्यांना कुणी हा प्रश्न विचारला होता की नाही, कोण जाणे. त्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मंडळींपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकन मंडळी नगरला आली १८३१ साली. ती काँग्रिगेशनल पंथाची. या पंथाचं वैशिष्ट्य असं, की त्यात बिशप नाही, वरून हुकूम नाही. गावातली उपासक मंडळी हीच पूर्ण चर्च. तिनं आपला पाळक आपण निवडायचा, त्याचं पोट आपण भरायचं आणि आपला कारभार आपण करायचा. याच तत्त्वापायी त्यांचे पूर्वज इंग्लंड सोडून अमेरिकेला गेले होते. अशा लोकांनी इथं येऊन जे उभारलं त्यात मात्र पाळक नेमणारा गोरा, पगार देणारा गोरा आणि जमाखर्च बोस्टनच्या कचेरीत, असं झालं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ख्रिस्ती होणाऱ्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले. त्यांच्याकडे जमीन नाही, हाती रोकड नाही, गावकीची कामं हीच उपजीविका. ते पाळकाला पगार कुठून देणार?

बोस्टनच्या कचेरीत रूफस अँडरसन नावाचे सचिव होते. १८३२ ते १८६६ एवढा दीर्घ काळ त्यांनी ती खुर्ची सांभाळली. त्यांना हा विरोधाभास बरोबर दिसला. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, अशी त्रिसूत्री त्यांनी मांडली. त्याच काळात लंडनमध्ये हेन्री व्हेन जवळजवळ तेच सांगत होते. मिशनरी हा बांधकामाच्या परांचीसारखा, भिंत उभी राहिली की परांची उतरवायची, असा या विचाराचा गाभा. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले आणि मुंबई-नगरचं काम त्यांनी जवळून पाहिलं. देशी पाळकांना दीक्षा देण्यावर त्यांचा भर होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे नगरचे पहिले देशी पाळक त्याच दशकातले. जाता जाता सांगतो, प्रभातच्या १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हेही नगरच्या ख्रिस्ती घरातलेच.

अँडरसन यांनी दुसरंही एक काम केलं, ते म्हणजे मिशनच्या इंग्रजी शिक्षणाला कात्री लावली. इंग्रजी शिकलेला मुलगा कचेरीत कारकून होतो, खेड्यात परत जात नाही, म्हणून शिक्षण मराठीतच हवं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला किती छान! मराठीचा कैवार घेणारा अमेरिकन. पण महारवाड्यातल्या हुशार पोराला इंग्रजी हवं होतं, कारण गावकीतून सुटण्याची ती एक वाट होती. त्यानं खेड्यातच राहावं हा निर्णय त्याच्यासाठी बोस्टनमध्ये झाला. स्वयंशासनाचं तत्त्व हुकुमाने लागू केलं, की असं होतं. पुढे नगरला मिशनला इंग्रजी हायस्कूल काढावंच लागलं.

खेड्यातलं काम कसं चाले ते पाहा. शाळेचा मास्तर हाच रविवारचा उपदेशक. त्याचा पगार मिशनकडून. त्यामुळे सुवार्ता सांगणं हे मास्तरांचं काम, त्यासाठी त्यांना पगार मिळतो, अशी समजूत मंडळीतल्या सामान्य माणसाची झाली तर त्यात नवल काय? आपल्या गावातही गणपतीची वर्गणी गोळा करायला एकदा पगारी माणूस ठेवला, की बाकीचे घरी बसतात. मशिदीच्या कमिटीतही मी हेच पाहिलं आहे. पगारामुळे माणसाचं पोट भरतं, पण शेजारच्यांचे हातपाय गळतात.

हे कोडं सुटलं ते थोडंफार, आणि तेही वेगळ्याच दाराने. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतलं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. स्वतः कवी, गाण्याचं अंग असलेले. तोवर चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालत. मराठी शब्द परक्या चालीत कोंबले, की जे होतं ते मी कवी म्हणून सांगू शकतो. ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आघात भलत्या अक्षरावर पडतो आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो तेच कळत नाही. कीर्तनात असं नाही. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान ही चौकट गावातल्या पोराटोरालाही ठाऊक. त्यात उधळ्या पुत्राची गोष्ट आली, की ती ऐकायला सगळं गाव बसणार. प्रवचनाला जो उभा राहत नाही तो कीर्तनाला मध्यरात्रीपर्यंत मांडी घालून बसतो.

आणि मुख्य गोष्ट अशी, की कीर्तनाला साथीदार लागतात. टाळकरी हवेत, मृदंगावर कुणी हवा, ध्रुपद धरायला चार गळे हवेत. जो शेतमजूर प्रार्थनेला मागच्या ओळीत गप्प बसे, त्याच्या हाती टाळ आला. धर्मशास्त्राच्या पाठशाळेत न जाता तो कामाचा माणूस झाला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला ती पाठशाळा काढली, आणि तिचं मोल कमी नाही. पण पाठशाळेतून पाळक तयार होतात. मंडळी तयार होते ती टाळाने, असं माझं मत आहे.

असाच विचार केडगावला पंडिता रमाबाईंनी केला. छापील मराठी बायबल खेड्यातल्या बाईला पेलत नाही, हे ध्यानात घेऊन त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सोप्या मराठीत भाषांतर केलं. मुक्तिसदनातल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. दुष्काळात घरदार गमावून आलेल्या मुली त्या. १९२२ साली रमाबाई गेल्या, पण भाषांतराचं काम त्या पुरं करून गेल्या होत्या.

या सगळ्याचं टोक म्हणजे नारायण वामन टिळक. करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण, जन्म १८६१ चा. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हाती दिला, गिरिप्रवचन वाचून मन हललं आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला ह्यूमसाहेबांकडे राहून पाठशाळेत शिकवू लागले. बालकवी ठोमरे यांना आपल्या घरी ठेवून घेणारे ते हेच टिळक. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी तिची स्वतःची वाणी दिली. 'उपासना संगीत' उघडून पाहिलंत तर त्यांचं नाव पानापानावर भेटेल. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे ते संपादक होते. हे पत्र नगरला १८४२ साली निघालं, म्हणजे तेव्हा त्याचं वय सत्तरीचं होतं.

टिळकांनी आपल्याच गोऱ्या सहकाऱ्यांना आरसा दाखवला. या भूमीला साधू कळतो, साहेब कळत नाही, बंगल्यात राहून पगार वाटणाऱ्याच्या मागे मंडळी कधी उभी राहणार नाही, असं ते सांगत राहिले. नुसतं सांगून थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताचे अनुयायी तिथं एकत्र यावेत, अशी कल्पना होती. मंडळीतल्या अनेकांना ती झेपली नाही. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ती कसा, हा प्रश्न वाजवीच होता. ज्यांनी बाप्तिस्म्यापायी गावचं पाणी गमावलं होतं, त्यांनी तो विचारला असेल तर त्यांना दोष कसा द्यावा? उच्चवर्णीय कवीला उंबरठा सैल करणं सोपं असतं. ज्याने तो उंबरठा ओलांडायला किंमत मोजलेली असते, त्याला सोपं नसतं. टिळकांवर माझं प्रेम आहे, तरी हे म्हणावंच लागतं. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार फार टिकला नाही.

अँडरसन यांची त्रिसूत्री कागदावर पूर्ण व्हायला मात्र फार वेळ लागला. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांची मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या मिलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. गंमत अशी, की त्यात बिशपही आले. स्वातंत्र्यानंतर गोरे मिशनरी गेले आणि मागे बंगले, शाळा, दवाखाने, जमिनी राहिल्या. कारभार इथल्या माणसांच्या हाती आला, पण त्याबरोबर बरेच दावेही आले. परांची उतरली आणि लोक तिच्या बांबूंवरून भांडू लागले, असं काही ठिकाणी झालं. दुसरीकडे मिझोराममध्ये बायका भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या, आणि त्या मुठीमुठीतून तिथल्या मंडळ्यांनी आपले प्रचारक बाहेर पाठवले. पैसा गरिबाकडेही असतो, त्याचा हिशेब त्याच्या स्वयंपाकघरात लागायला हवा. बोस्टनच्या वहीत तो लागत नव्हता.

नगरच्या त्या मंडळींनी मिळवलेलं सगळ्यांत टिकाऊ काय, असं मला कुणी विचारलं तर मी 'ख्रिस्तायन' पुढे करीन. टिळकांनी १९०९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि अकराव्या अध्यायापर्यंत येऊन ठेपले. पुढचं काम लक्ष्मीबाईंकडे आलं. ही बाई शाळेत गेलेली नाही. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पाच वर्षं त्याच्यापासून वेगळी राहिलेली. १९०० साली स्वतः विचार करून तिनं बाप्तिस्मा घेतला. तिला कुणी दीक्षा देऊन पाळक केलं नव्हतं की पगारावर नेमलं नव्हतं. नवऱ्यामागे बसून तिनं ओव्या रचल्या आणि आणखी चौसष्ट अध्याय लिहून ग्रंथ पुरा केला.