एका तोड्याच्या बंदुकीची सफाई आणि पुसून गेलेला शक

(१)

जुन्या हत्यारांची निगा हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येण्याचा संभव आहे. कागद, ताम्रपट व शिलालेख यांच्या जतनाविषयीं संग्राहक मंडळींत आतां बरीच जाणीव उत्पन्न झाली आहे. कसर लागलेली पोथी हातीं आली, तर तिचीं जीर्ण पानें काढून त्यांजागीं नवीं लिहून घालण्याचें धाडस कोणी जाणता मनुष्य करणार नाहीं. परंतु तोच गृहस्थ एखादी जुनी बंदूक विकत घेतो, तेव्हां ती नव्यासारखी लखलखीत व्हावी म्हणून पहिल्याच दिवशीं शिकलगाराच्या हवालीं करतो. प्रस्तुत लेखकानेंही तेंच केलें. त्यामुळें जी हानि झाली ती कोणत्याही उपायानें भरून येणारी नाहीं. ती कोणती, व कशी टाळतां आली असती, हें सांगणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

(२)

कांहीं वर्षांपूर्वीं नाशिक जिल्ह्यांतील एका पडक्या वाड्याचें सामान विक्रीस निघालें. दप्तर किंवा पोथ्या मिळतील या आशेनें मी तेथें गेलों. पण कागद त्यापूर्वींच रद्दींत गेले होते. माळ्यावर तोड्याची एक बंदूक मात्र होती. सरकारी सोपस्कार पुरे करून ती मीं घेतली.

नळी सुमारें अडीच हात लांब. दस्ता शिसवी, सरळ व सडपातळ. नळी दस्त्यास पितळी पट्ट्यांनीं व एके ठिकाणीं चामडी वादीनें जखडलेली. चाप दाबला असतां तोडा धरणारा चिमटा दस्त्याच्या खांचेंतून पुढें झुकून कानावर येई. नळीच्या मुळाशीं गंजाच्या थराखालीं कोरीव अक्षरांची एक ओळ असल्याचें बोटांस जाणवत होतें. आरंभीं 'श्री', मग एक नांव असावें असा अक्षरसमूह, आणि शेवटीं 'शके' हा शब्द व चार आंकडे. गंज निघाला म्हणजे ओळ आपोआप वाचतां येईल अशा समजुतीनें, ठसा न घेतां, मीं ती बंदूक एका कारागिराकडे दिली.

त्यानें आपल्या रीतीप्रमाणें चिंच व विटकरीची पूड लावून नळी घांसली, नंतर तेजाब लावलें, आणि अखेर चाकावर धरून तिला जिल्हई दिली. दस्ता कांचकागदानें घांसून त्यावर चकचकीत रोगण चढविलें. चौथ्या दिवशीं बंदूक परत आली, ती रुप्यासारखी पांढरी. ओळींतील 'श्री' व 'शके १७' एवढेंच उरलें होतें. नांव गेलें आणि शेवटचे दोन आंकडे गेले.

कारागिरास मी दोष देत नाहीं. चकाकी मागितली ती त्यानें दिली. अक्षरें राखा असें मीं त्यास सांगितलें नव्हतें. पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांस पाठभेद जपावयास शिकविणाऱ्या माणसानें स्वतःच्या हातानें मूळ पाठ नष्ट करविला, ही गोष्ट मजला अद्यापि सलते.

ते दोन आंकडे किती मोलाचे होते, हें पाहावें. शके १७०० म्हणजे इ. स. १७७८ आणि शके १७९९ म्हणजे इ. स. १८७७-७८. पहिल्या टोंकास इंग्रज-मराठ्यांचें पहिलें युद्ध चालू असून वडगांवचा प्रसंग जानेवारी १७७९ मधला आहे. दुसऱ्या टोंकास इ. स. १८७८ चा हत्यारांचा कायदा. वाड्याच्या धन्यानें ही बंदूक पेशवाईंत शिपाईगिरी करतांना वापरली, कीं पेशवाई बुडाल्यावर शेताच्या राखणीसाठीं घडविली, हें आतां सांगतां येत नाहीं. संपूर्ण शंभर वर्षांचा संशय त्या दोन आंकड्यांच्या अभावीं कायमचा राहिला.

(३)

शस्त्रें घांसण्याचा धंदा आपल्याकडे फार जुना. अमरकोशांत त्यास 'शस्त्रमार्ज' व 'असिधावक' असे शब्द आहेत. 'शिकलगार' हा शब्द अरबी 'सैकल', म्हणजे घांसून उजळणें, यापासून फारसीच्या द्वारें आला. आईन-इ-अकबरींत बंदुकांच्या नळ्या साफ करण्यासाठीं अकबराने योजलेल्या एका चाकाचें वर्णन आहे. पूर्वीं एका बळकट माणसास एका नळीपायीं बराच वेळ खपावें लागे. जनावराच्या बळानें फिरणाऱ्या या चाकावर सोळा नळ्या थोडक्या वेळांत साफ होत, असें अबुल फजल सांगतो.

शुक्रनीतींतील नालिकास्त्राचें प्रकरण तर या विषयास थेट लागू पडतें. लघुनालिकाचें बूड उत्तम लांकडाचें असावें असें तेथें सांगितलें आहे, आणि बार भरण्याच्या क्रमांत नळी स्वच्छ करणें ही पहिली क्रिया, अग्निचूर्ण घालणें ही त्यानंतरची. रंजक ठेवण्याच्या जागेस त्या ग्रंथांत 'कर्ण' म्हटलें आहे, व मराठींत आपण तिला 'कान'च म्हणतों. मात्र या शब्दसाम्यावरून बंदूक प्राचीन आर्यावर्तांत होती असें अनुमान काढण्याची घाई करूं नये. यंत्राच्या आघातानें दगडांतून विस्तव पाडण्याचा उल्लेख त्याच वर्णनांत आहे. ही तोड्याची नव्हे, चकमकीची बंदूक होय. तेव्हां तो भाग तरी अर्वाचीन मानणें प्राप्त आहे. ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांनीं घेतलेल्या शंकेस यानें पुष्टि मिळते.

मराठी राज्यांतील व्यवहार पाहावयाचा तर रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र आहे. गडावरील दारूखाना घरांपासून दूर असावा, दारूस सरदी लागूं देऊं नये, आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण इत्यादि बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हां मुद्रा करून ठेवावें, अशी ताकीद त्यांत आहे. वर्षाकालाच्या अखेरीस येणाऱ्या खंडेनवमीस शस्त्रें काढून, पुसून पुजण्याची जी चाल आहे, तिच्या मुळाशीं पावसाळ्यांतील सरदीचा हाच अनुभव असावा असें मला वाटतें.

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ही सर्व सफाई चालत्या हत्याराची होती. ज्या नळींतून उद्यां बार काढावयाचा ती घांसलीच पाहिजे. तिचा थोडा अंश झिजला तरी चिंता नाहीं, कारण तिचें प्रयोजन उद्यांच्या लढाईंत आहे. आपल्या संग्रहांतील बंदुकीचें प्रयोजन कालच्या वृत्तांतांत आहे. पहिलीस असिधावक हवा, दुसरीस लेखसंरक्षक. मीं दुसरीवर पहिलीचा उपचार केला, हेंच माझ्या चुकीचें मूळ.

(४)

त्यानंतर जाणत्या लोकांस विचारून व स्वतः अनुभव घेऊन जी रीत मीं ठरविली ती येथें देतों.

सर्वांआधीं बंदूक भरलेली नाहीं याची खात्री करावी. कित्येक जुन्या बंदुका बार तसाच आंत ठेवून अडगळींत टाकलेल्या असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही वर्षांनीं पेट घेऊं शकते. लांकडी काठी नळींत हळूच सोडून तिची आंत गेलेली लांबी मोजावी व बाहेरून तोंडापासून कानापर्यंतच्या अंतराशीं ताडून पाहावी. फरक पडल्यास पुढें हात न लावतां माहितगारास बोलवावें. अशा नळींतून बार काढून पाहण्याचा मोह तर कधींच धरूं नये.

दुसरें, सफाईपूर्वीं नोंद. बाजूनें तिरपा प्रकाश पाडून सर्व खुणांचीं छायाचित्रें घ्यावीं आणि पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा उठवावा. तिरप्या प्रकाशांत जीं अक्षरें दिसतात तीं समोरून दिसत नाहींत. एवढें एक काम मीं केलें असतें तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

तिसरें, लोखंड. तांबडा, भुगा होऊन गळणारा गंज हा चालू रोग आहे. तो थांबविला पाहिजे. काळपट-तपकिरी घट्ट थर मात्र रोग नव्हे, लोखंडाचें कवच होय. तें राखावें. तांबड्या गंजावर पातळ तेल लावून एक दिवस मुरूं द्यावें, मग अतिशय बारीक पोलादी लोंकरीनें हलकेंच पुसावें, आणि अक्षरांच्या जागीं लांकडी काडीपलीकडे कांहीं वापरूं नये. तेजाब, विटकर व चाक हीं वर्ज्य. लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळीवरील जौहर आणि कोफ्तगरीचा सोन्याचा पातळ पत्रा हीं घांसल्यानें नाहींशीं होतात. जळलेल्या दारूची काजळी नळींत असेल तर ती हवेंतील ओल ओढते व लोखंड खाते. ती तेलानें विरघळत नाहीं, कढत पाण्यानें विरघळते. परंतु नळी दस्त्यापासून सुटी होत असेल तरच पाणी वापरावें, तत्काळ पूर्ण कोरडी करावी व मग तेलाचा हात द्यावा. मूळच्या वाद्या तोडून नळी सोडवूं नये. तेथें कोरड्या कुंचल्यावरच समाधान मानावें.

चौथें, लांकूड. दस्त्यावरील काळवंडलेला थर हा केवळ मळ नसतो. धरणाऱ्या हातांची झीज त्यांत नोंदलेली असते. कांचकागद लावला कीं कडा गोल होतात, खुणा जातात, आणि धातूच्या पट्ट्या लांकडाहून उंच दिसूं लागतात. टर्पेंटाइनमध्यें किंचित् भिजविलेल्या फडक्यानें वरचा मळ काढावा. लांकूड फारच शुष्क असेल तर जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब तळहातानें चोळून, उरलेलें पुसून, कित्येक दिवस वाळूं द्यावें. जवसाचें तेल हवेनें घट्ट होतें. खोबरेल तसें होत नाहीं, चिकट राहून धूळ धरतें. मात्र जवसाच्या तेलाचीं फडकीं चोळामोळा करून टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवावीं. नव्या रायफलीच्या अक्रोडी दस्त्यास, जिचा इतिहास अद्याप घडावयाचा आहे, याच तेलाचे अनेक हात खुशाल द्यावे. जुन्यास तो न्याय लावूं नये.

पांचवें, ठेवण. उघड्या हातांचा घाम लोखंडावर बोटांचे डाग पाडतो, म्हणून सुती हातमोजे घालावे. कातडी म्यानांत किंवा लोंकरी कापडांत बंदूक गुंडाळून ठेवूं नये; तीं ओल धरतात. ओल्या भिंतीस टेकवूं नये. खंडेनवमीस हळदकुंकवाचें पाणी नळीवर शिंपडण्याऐवजीं फूल बाजूस ठेवावें. देवता तेवढ्यानें रुसणार नाहीं. आणि त्याच दिवशीं पावसाळ्यांत नवा गंज चढला काय, हें पाहून वहींत तारखेसह लिहून ठेवावें.

(५)

माझी बंदूक आतां चकाकत नाहीं. दोन पावसाळ्यांनीं तिला पुन्हां काळसर छटा आली आहे. पण गेलेले दोन आंकडे आले नाहींत. संग्राहक बंधूंस एवढीच विनंति, कीं ज्यांच्या घरीं खुणा असलेलीं हत्यारें आहेत त्यांनीं तीं उजळण्यापूर्वीं त्यांचे ठसे घ्यावे व एक प्रत मंडळाच्या संग्रहीं धाडावी. माझ्या बंदुकीवरच्याच घराण्याचें नांव व पुरा शक असलेलें एखादें जोडहत्यार कोणाच्या माळ्यावर अद्यापि गंजत पडलें असेल. त्या गंजाखालीं माझा हरवलेला पाठ सुरक्षित असण्याचा संभव आहे.