भाडेकरू निष्कासन

भाडेकरू निष्कासन : भाडे थकवणाऱ्या, शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या किंवा मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या भाडेकरूकडून कायद्याने कब्जा परत घेण्याची प्रक्रिया. जागा परत मिळणे हा मालकाचा हक्क आहे, पण तो बजावायचा न्यायालयामार्फतच.

लागू कायदा : खानदेशातील भाडेव्यवहारांवर पूर्वी 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा अंमल होता. विदर्भ व मराठवाड्यात वेगळे कायदे होते. हे सर्व मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. तो अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू असल्याने आपली जागा त्यात मोडते का, हे दाव्याआधी पाहावे लागते. मोडत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 प्रमाणे महिन्याची भाडेदारी 15 दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येते.

कारणे : 1999 च्या अधिनियमाखाली भाडे थकले असल्यास आधी मागणीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावर दरसाल 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. कलम 16 मधील इतर कारणांत शेजाऱ्यांना उपद्रव, परवानगीविना पक्के बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने विनाकारण जागा बंद ठेवणे आणि मालकाची खरीखुरी गरज यांचा समावेश होतो. गरजेच्या दाव्यात न्यायालय दोघांपैकी कोणाची अडचण मोठी, हेही तोलते.

नोटीस : तीत जागेचा पत्ता व चतुःसीमा, दरमहा भाडे, कोणत्या महिन्यापासून किती थकले आणि ते कुठे भरायचे, हे स्पष्ट लिहावे. ती पोचपावतीच्या टपालाने पाठवावी. उपद्रवाच्या दाव्यात नुसता राग कामाचा नाही. तारखा आणि साक्ष द्यायला तयार असलेले शेजारी लागतात.

लिव्ह अँड लायसन्स : राहण्यासाठी अशा करारावर दिलेली जागा मुदत संपल्यावर रिकामी झाली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्सनंतर 30 दिवसांत समोरच्याने बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मोकळी जागा : अमेरिकेतील मोबाइल होम पार्कमध्ये घर बहुधा रहिवाशाचे आणि त्याखालची जागा पार्कमालकाची असते. घर हलवणे खर्चाचे असल्याने कॅलिफोर्नियात भाडेदारी संपवण्यापूर्वी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे याला जवळची स्थिती म्हणजे दुसऱ्याच्या प्लॉटवर भाडे देऊन उभी केलेली टपरी किंवा पत्र्याचे शेड. 1999 चा अधिनियम इमारत वा तिचा भाग धरतो, म्हणून नुसत्या मोकळ्या जागेला 1882 चा कायदा लागतो. जमीन मूळ स्थितीत सोडून स्वतःचे शेड उचलून नेण्याचा हक्क त्यात भाडेकरूला आहे.

मनाई : कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर काढणे, वीज-पाणी तोडणे हे मार्ग बेकायदा आहेत. जबरीने काढलेला माणूस विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा लावून कब्जा परत मिळवू शकतो. पोलीस स्वतःच्या अधिकारात घर रिकामे करून देत नाहीत. हुकूमनाम्यानंतर दरखास्त द्यावी लागते आणि न्यायालयाचा बेलिफ कब्जा देतो.

दोन्ही पक्षांसाठी सल्ला एकच : भाड्याची पावती दरमहा द्यावी आणि घ्यावी, करार नोंदवावा. तोंडी व्यवहारातून सुरू झालेले भांडण वर्षानुवर्षे चालते, आणि त्यात घरमालक व भाडेकरू दोघेही भरडले जातात.