वॉटसन यांनी झाकून ठेवलेलं जनुक

आजची गोष्ट ३१ मे २००७ ची, अमेरिकेतल्या ह्यूस्टनची.

जेम्स वॉटसन तेव्हा ७९ वर्षांचे होते. डीएनएची रचना शोधून काढणाऱ्यांपैकी एक, १९६२ चे नोबेल विजेते. त्या दिवशी त्यांना त्यांचा स्वतःचा जीनोम सुपूर्द केला गेला. जवळपास ३०० कोटी अक्षरांचा मजकूर! तो त्यांनी जगासाठी खुलाही केला. फक्त एक जनुक सोडून : एपीओई. त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता. आपल्याला तो व्हायचा धोका किती, हे त्यांना कळूनच घ्यायचं नव्हतं.

आता या एकाच जनुकाची एवढी धास्ती का? त्यासाठी १९९३ मध्ये जाऊ. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक, अशी एपीओईची तोवरची ओळख. त्याचे मुख्य प्रकार तीन : ई२, ई३, ई४. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या टीमनं उतारवयात अल्झायमर होणारी ४२ कुटुंबं तपासली. ई४ च्या प्रती वाढल्या तसं आजार सुरू होण्याचं सरासरी वय ८४ वरून ६८ वर आलेलं दिसलं. अर्थात, ही आधीच आजार असलेली घरं होती. ई४ असूनही कित्येकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते, आणि ई४ नसलेल्यांनाही डिमेन्शिया होतो.

बरं, वॉटसन यांचं गुपित टिकलं का? ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं की जनुक झाकलंय, पण शेजारची अक्षरं उघडीच आहेत. डीएनएचे जवळजवळचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या सोबतच येतात, त्यामुळे शेजाऱ्यांवरून मधलं ओळखता येतं. मग आजूबाजूची सुमारे २० लाख अक्षरंही काढावी लागली. मी सॉफ्टवेअरवाला. एक कॉलम मास्क करायचा आणि बाजूच्या कॉलमवरून तोच डेटा फुटायचा, हा घोळ माझ्या ओळखीचा आहे.

हे सगळं मी का वाचत बसलो? माझी आजी, बाबांची आई, हल्ली मला बाबांच्या नावानं हाक मारते. एका रात्री मी फोनवर डीएनए टेस्टची ऑर्डर भरली आणि पैसे भरायच्या स्क्रीनवर थांबलो. माझ्याकडे ई४ च्या दोन प्रती निघाल्या, तर त्यातली एक नक्की बाबांची. म्हणजे माझ्या रिपोर्टमधून बाबांचाही रिपोर्ट फुटणार.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तू बघ हवं तर. पण मला सांगू नकोस."

वॉटसन यांनी डेटा स्वतःपासून लपवला होता. मला तो रोज जेवताना समोर बसलेल्या माणसापासून लपवावा लागला असता. मी ऑर्डर रद्द केली.

हातात काहीच नाही असंही नाही हं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानुसार जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया बदलता येण्याजोग्या १४ गोष्टींशी जोडलेला आहे. बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, एकटेपणा त्यातच येतात. या रविवारी बाबांना कानाच्या तपासणीला घेऊन गेलो. कुरकुरले, पण आले.

तुम्ही काय केलं असतं? आणि घरात कुणाला आधी विचारलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!