अजिंठ्याच्या लेण्यांतील विद्यार्थी: क्षेत्राभ्यासाच्या नियोजनाचा एक अध्याय

क्षेत्राभ्यास म्हणजे अभ्यासविषय जेथे प्रत्यक्ष आहे तेथेच मुक्काम करून, गुरूंच्या देखरेखीखाली घेतलेले शिक्षण. या पद्धतीच्या इतिहासात अमेरिकेतील पेनिकीज बेटाला मानाचे स्थान आहे. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी १८७३ च्या उन्हाळ्यात त्या बेटावर सुमारे ५० विद्यार्थ्यांची शाळा भरवली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले आणि आणखी एका हंगामानंतर ती बंद पडली. याच सुमारास, म्हणजे १८७२ मध्ये, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम सुरू झाले व ते १८८५ पर्यंत चालले.

या उपक्रमामागे एक हानी होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले होते. परंतु त्यांनी अनेक वर्षे खपून केलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. तेव्हा हेच काम कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, सरकारी साहाय्याने नव्याने हाती घेतले.

लेणी वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात होती आणि जवळचे गाव होते फर्दापूर. त्यामुळे हंगाम, निवारा, रसद आणि सामानाची वाहतूक यांचा विचार आधीच करावा लागे, आणि कामासाठी थंडीचे महिने निवडले जात. मूळ चित्रे खडकावर मातीचा गिलावा देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवून, डिंकासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. विद्यार्थी त्यांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगांत करीत. क्रमांक १, २, १६ आणि १७ या लेण्यांतील भिंतींसमोर बसून हात, डोळे, वस्त्रे आणि अलंकार यांची रेषा पुन्हा पुन्हा गिरवताना त्यांना भारतीय चित्रपरंपरेचे जे शिक्षण मिळाले, ते युरोपीय पुतळ्यांच्या साच्यांवरून रेखाटन शिकवणाऱ्या वर्गात मिळणे शक्य नव्हते. पुढे नावारूपाला आलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी याच तुकडीत घडले.

सुमारे ३०० प्रतिकृती तयार झाल्या, तरी या नियोजनात दोन गंभीर उणिवा राहिल्या. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले गेले. कालांतराने ते काळवंडले आणि तो थर उतरवण्यासाठी पुढे पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ झटावे लागले. दुसरे असे की, गिल यांच्या चित्रांचे काय झाले हे ठाऊक असूनही नव्या प्रतिकृती लंडनमध्येच एकवटल्या, आणि तेथील १८८५ च्या आगीत त्यांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी फर्दापूरजवळ तळ ठोकून प्रतिकृतींचे काम केले. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार व के. वेंकटप्पा हे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. सय्यद अहमद यांच्याकडे नंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याची देखरेख सोपवली. अशा रीतीने चित्रे उतरवून घेण्यासाठी आलेला चित्रकार त्या चित्रांचा रक्षक झाला.

पेनिकीजची शाळा एका व्यक्तीवर अवलंबून होती म्हणून खंडित झाली; अजिंठ्याचा उपक्रम संस्था आणि शासन यांच्या आधाराने टिकला, पण त्याच्या आराखड्यात भिंतीच्या सुरक्षिततेला स्थान नव्हते. अजिंठा, वेरूळ, लोणार किंवा जायकवाडीचा जलाशय येथे विद्यार्थ्यांना नेणाऱ्या आजच्या प्रत्येक विभागाने हा इतिहास ध्यानात घ्यावा, आणि आपल्या आराखड्याचे पहिले कलम त्या स्थळाच्या रक्षणाचे ठेवावे.