चेहऱ्याचे ॲनिमेशन, व्हिडिओ गेममधील

व्हिडिओ गेममधील पात्राचा चेहरा बोलताना, ऐकताना किंवा नुसता गप्प असताना जिवंत माणसासारखा हलता ठेवण्याचे तंत्र. ओठांची शब्दांशी जुळणी, नजर, पापण्यांची उघडझाप, भुवया आणि गालांची हालचाल, कपाळावर उमटून जाणाऱ्या सुरकुत्या हे सगळे त्यात येते. धावणारा घोडा, कोसळणारा पूल, पावसात भिजलेला रस्ता या गोष्टी गेममध्ये केव्हाच पटण्याजोग्या दिसू लागल्या. बोलणारा चेहरा मात्र आजही चटकन फसतो.

याचे कारण पाहणाऱ्यात आहे. तान्हे मूल बोलायला लागायच्या कितीतरी आधी आईचा चेहरा वाचू लागते आणि हा अभ्यास माणूस आयुष्यभर सोडत नाही. घोड्याचे पाऊल चुकीचे पडले तर ते घोडे ओळखणाऱ्यालाच कळते; हसू खोटे असले तर ते कोणालाही कळते, फक्त नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही. जपानचे यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये या अस्वस्थतेला ‘बुकिमी नो तानी’ असे नाव दिले. मराठीत तिला ‘भयाण दरी’ म्हणता येईल. कृत्रिम आकृती माणसासारखी दिसू लागली की आपली आपुलकी वाढत जाते, पण अगदी जवळ येऊन ती जराशी हुकली की आपुलकी एकदम कोसळते. मोरींनी उदाहरण दिले ते कृत्रिम हाताचे: दिसायला खरा, हातात घेतला की थंड. त्यांचा दुसरा मुद्दा गेमच्या दृष्टीने जास्त मोलाचा असून सहसा विसरला जातो. हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते. म्हणूनच जाहिरातीच्या चित्रात देखणी दिसणारी नायिका तोंड उघडताच परकी वाटते.

चेहऱ्याची रचनाही अडचणीची आहे. हातापायांचे स्नायू हाडे हलवतात. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू मात्र एका टोकाला थेट त्वचेत शिरलेले असतात, त्यामुळे एक आखडला की आजूबाजूची कातडीही सोबत ओढली जाते. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चाळवून केलेले प्रयोग १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. मनापासूनच्या हसण्यात ओठांच्या कोपऱ्यांबरोबर डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आवळतो, हे त्यांनी नोंदवले. पुढे पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत मांडली. तिच्यात १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर ओढणे, ६ म्हणजे गाल उचलून डोळे बारीक होणे. पद्धत मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी होती, पण गेमवाल्यांना तिच्यात चेहऱ्याची बाराखडीच मिळाली. १२ लावला आणि ६ राहून गेला की पात्र दुकानाच्या काउंटरवरचे हसू हसते.

व्यवहारात ॲनिमेटर अशा प्रत्येक हालचालीसाठी चेहऱ्याचा एक आकार घडवतो. त्याला ब्लेंडशेप म्हणतात. हे आकार कमीअधिक प्रमाणात मिसळून भाव तयार होतो. अडचण मिसळण्यातच आहे. दोन आकार स्वतंत्रपणे बरोबर असले तरी एकत्र लावले की गालावर नको तिथे फुगवटा येतो. मग त्या जोडीपुरता दुरुस्तीचा तिसरा आकार घडवावा लागतो. असे करता करता एकाच चेहऱ्याचे आकार शेकड्यांत जातात.

चित्रपटातल्या एका फ्रेमवर संगणक तासन्‌तास काम करू शकतो. गेमला सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असली तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातच रस्ता, पाऊस, शत्रू आणि चेहरा सगळे बसवायचे असते. शिवाय मोठ्या कथाप्रधान गेममध्ये संवाद हजारोंच्या संख्येने असतात. त्या सगळ्यांसाठी चेहरा हाताने हलवणे कोणत्याच स्टुडिओला परवडत नाही.

ओठांच्या जुळणीचा प्रश्न मराठी वाचकाला शाळेतल्या वर्णमालेवरून लगेच कळेल. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटावेच लागतात आणि ते पाहणाऱ्याला दिसते. क, ग हे कंठ्य वर्ण आतल्या आत उच्चारले जातात. म्हणून ओठांच्या आकारांची संख्या वर्णांपेक्षा बरीच कमी असते. पण एवढ्याने भागत नाही. आरशासमोर ‘ती’ म्हणावे, मग ‘तू’ म्हणावे. त एकच, तरी ‘तू’ म्हणताना त उच्चारायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला असतो. पुढच्या स्वराची चाहूल ओठांना आधी लागते. ज्या प्रणाली अक्षरामागे एक आकार चिकटवत जातात, त्यांच्या पात्रांचे तोंड म्हणूनच माशासारखे उघडते-मिटते. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये तर आवाज जितका मोठा तितका जबडा उघडा, एवढाच हिशेब होता.

त्या काळात चेहरा हलवण्यापेक्षा चिकटवणे सोपे होते. फिनलंडच्या ‘मॅक्स पेन’मध्ये, २००१ साली, नायकाला लेखक सॅम लेक यांचाच चेहरा दिला होता. डोळे बारीक केलेला तो एक भाव घेऊन नायक गेमभर वावरतो आणि कथा पुढे जाते ती चित्रकथेच्या चौकटींतून. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ने एकमन यांची पद्धत वापरून मोठी झेप घेतली. त्यात खेळणाऱ्याच्या हातून कॅमेरा काढून घेणारे कटसीन नव्हते. नायकाची सोबतीण ॲलिक्स बोलत असताना तुम्ही खोलीत कुठेही जा, ती मान वळवून तुमच्याकडे बघते. चेहरा रचणाऱ्या बहुभुजांची संख्या आज हसण्याजोगी असली तरी ती नजर अजून खरी वाटते.

या इतिहासातला सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे ऑस्ट्रेलियातील टीम बॉन्डीने घडवलेला आणि रॉकस्टारने २०११ मध्ये आणलेला ‘एल. ए. न्वार’. कथा १९४७ च्या लॉस एंजेलिसमधली, नायक पोलीस अधिकारी कोल फेल्प्स. खेळणाऱ्याने साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघून तो खरे बोलतो की खोटे हे ठरवायचे. इथे चेहरा हाच खेळ होता. त्यासाठी ‘मोशनस्कॅन’ तंत्र वापरले. नटाला खुर्चीत बसवून भोवतीच्या ३२ कॅमेऱ्यांनी त्याचे डोके सर्व बाजूंनी टिपले, तेही केशभूषा आणि रंगभूषेसह. चारशेहून अधिक नट असे टिपले गेले. गिळलेला आवंढा, ओठांच्या कडेला आलेली किंचित थरथर पडद्यावर जशीच्या तशी उतरली. त्रायबेका चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला गेम.

पण जे टिपले ते गोठलेही. शरीराची हालचाल वेगळ्या सत्रात घेतल्यामुळे जिवंत डोके आणि कोटाच्या आतले काहीसे ताठ धड यांचा सूर जुळत नाही. टिपलेला अभिनय नंतर वळवायला फारशी जागा नव्हती आणि माहितीचा पसारा इतका की एक्सबॉक्स ३६० साठी गेम तीन डिस्कवर द्यावा लागला. खोटे बोलणाऱ्यांचे डोळे कधी कधी इतके भिरभिरतात की चोरी लपत नाही. हा दोष यंत्राचा नसून खेळणाऱ्याला सुगावा द्यायलाच हवा या गरजेचा आहे. टीम बॉन्डी त्याच वर्षी बंद पडली आणि तंत्र फारसे पसरले नाही. तरीही माणसाचा चेहरा वाचण्यावर एवढा विश्वास टाकणारा गेम पुन्हा तयार झालेला नाही, आणि माझ्या मते हे नुकसान आहे.

२०१७ मध्ये दोन टोके एकाच वर्षी दिसली. ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’मधील निस्तेज डोळे आणि सैल जबडे जगभर चेष्टेचा विषय झाले आणि निर्मात्यांना पुढच्याच महिन्यात डोळे व ओठांची जुळणी सुधारणारी आवृत्ती द्यावी लागली. प्रचंड संवादांचा भार लक्षात घेतला तर ती चेष्टा निर्दय होती. त्याच वर्षीच्या ‘हेलब्लेड’मध्ये निंजा थिअरीच्या लहानशा चमूने सगळी ताकद सेनुआ या एकाच नायिकेवर लावली. भूमिका केली मेलिना युर्गेन्स यांनी; त्या स्टुडिओत व्हिडिओ संकलनाचे काम करत होत्या आणि आधी फक्त चाचणीसाठी उभ्या राहिल्या होत्या. पुढे त्यांना अभिनयाचा बाफ्टा मिळाला.

दरी टाळण्याचा एक मार्ग तिच्या काठावरच थांबण्याचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० च्या ‘राजी’मध्ये कॅमेरा दूर ठेवला आणि कथेचे प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितले. बाहुलीकडून कोणी पापणीच्या थरथरीची अपेक्षा ठेवत नाही.

२०२१ पासून एपिकच्या ‘मेटाह्यूमन’सारख्या साधनांमुळे तयार चेहरे छोट्या स्टुडिओंनाही मिळू लागले आणि नुसत्या आवाजावरून चेहरा हलवणाऱ्या प्रणालीही आल्या. चेहरा कोणाच्या मालकीचा, हा वादही त्यातून उभा राहिला. अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा संघटनेचे गेममधील कलाकार जुलै २०२४ मध्ये संपावर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिकृतींपासून संरक्षण ही त्यांची मुख्य मागणी होती आणि संप जून २०२५ पर्यंत चालला.

तंत्रज्ञांचे लक्ष अजून मुख्यतः बोलणाऱ्या तोंडावर आहे. ऐकणारा चेहरा त्यामानाने उपेक्षित राहिला. समोरचा बोलत असताना माणूस त्याच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे, मग ओठांकडे बघतो, वाक्य संपायच्या आधी श्वास घेतो, उत्तर सुचले की भुवई हलते. गेममध्ये खेळणारा उत्तर निवडायला पाच सेकंद लावेल की पाच मिनिटे, हे कोणालाच ठाऊक नसते. तोवर समोरचे पात्र तीच मान पुन्हा पुन्हा हलवत उभे असते.